दाजी, तुमचा वेल झोपंना

दाजी, वेल हिरवागार हाय. वाईट वाटून घेऊ नका.

दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणंल, ह्यात वाईट काय? माणूस गेला आन् त्यानं लावलेला द्राक्षाचा वेल अंगणात हिरवा उभा, चांगलंच की. पण मी तुम्हाला सांगायलोय, तुम्हाला कळंल. भादवा सरला, पितर जेवून गेले, आन् वेलाला नवे शेंडे फुटून राहिलेत. कोवळे, लुसलुशीत. काडी आतापर्यंत खाकी पडायला पाहिजे होती, ती अजून शेंगेवानी हिरवी. हे सगळं माझ्यामुळं झालंय. शरमेनं मान खाली घालून बसावं म्हणतो, तर खाली वेलाचं आळं दिसतं, त्यात चिखल. मान वर करावी तर वर मांडवभर पाला.

मला लिहिता येत न्हाई हे तुम्हाला मालूम हाय. शाळेत मी मास्तरला हसवायला गेलो, मास्तर हसला न्हाई, मी परत गेलो न्हाई. म्हणून हे फोनात बोलायलोय. तुमची रेणुका म्हणली, "मामा, तू बोल, मी नंतर कागदावर उतरवते." तिला म्हणलं, उतरव, पण जिथं मी रडलो तिथं मामाला ठसका लागला असं लिही.

तर सुरुवातीपासून सांगतो. गौरी जेवल्या आन् तुम्ही गेलात. मी लोह्याहून टमटम घेऊन जळकोटला आलो तवर सगळं उरकत आलं होतं. सख्खा मेहुणा, आन् तिरडीला खांदा द्यायला बी टायमावर न्हाई. वाटंत एका म्हातारीला सोडायला थांबलो होतो. ते जाऊ द्या. तुम्ही गेलात त्या जागी दिवा लावला, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला. वाटंला लागलेल्या माणसाला तहान लागते म्हणतात. सकाळी ते पाणी कुठं तरी ओतायचं, पायदळी येणार न्हाई अशा जागी. तिसऱ्याच्या सकाळी बायकांत त्यावरून चाललं होतं. तुमची चुलती म्हणे तुळशीला घाला, शेजारीण म्हणे पिंपळालाच घालतेत. माझी अक्का, तुमची कारभारीण, भिंतीला टेकून बसलेली. घर असं उदास झालं की मला राहवत न्हाई दाजी. माझ्या जिभेला खाज सुटते. मी दारातून म्हणलं,

"दाजी तुळशीपाशी कधी उभे राहिले? बसले तर त्या द्राक्षाच्या वेलाखालीच बसले. तिथं ओता. तहान लागली की सवयीनं तिथंच येतील."

बायकांनी पदर तोंडात धरला. चुलती सुद्धा हसली. अक्का हसली, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा, आन् हसता हसता तिला असा हुंदका आला की दोघींनी धरली. मग ती स्वतः उठली, तांब्या घेतला आन् वेलाच्या बुडात ओतला.

खरं सांगू? मला तवा बरं वाटलं. वाटलं, बघा, सोपान काही अगदीच बिनकामाचा न्हाई. घरात हसू आणलं.

त्याच्यानंतर जे सुरू झालं ते काय सांगू. दुखवट्याला जो येईल तो एक तांब्या वेलाला. लोह्याहून माझ्याच टमटममध्ये बसून माणसं आली, उतरली की आधी हापशावर, मग वेलापाशी. बिलोलीचा तुमचा मावसभाऊ तर तांब्यावर भागंना म्हणून कळशी घेऊन आला. "दादाला लई तहान लागायची," म्हणला. जन्मात पहिल्यांदा माझं बोलणं कुणी ऐकलं दाजी, आन् गावानं मिळून ऐकलं. मी थट्टा केली ती सगळ्यांनी खरी धरली.

तेरावं झालं. पाव्हणे गेले. म्हणलं आता थांबंल. तर सकाळी बघतो, अक्का आळ्यापाशी उकिडवी बसलेली, ओंजळीत पांढरे दाणे. यूरिया! उन्हाळ्यात छाटणी झाल्यावर तुम्ही घालायचात, त्यातली उरलेली पिशवी तिनं खोलीतून काढली.

"अक्का, हे काय करायलीस?"

"नुसतं पाणी कसं द्यावं रे," ती म्हणली. "पोटाला बी काही पाहिजे का न्हाई?"

तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. इतके दिवस मी त्या वेलाखाली बसून च्या पिऊन राहिलो होतो, आन् हे दिवस त्याला पाणी तोडायचे हायत, हे मला आठवलं न्हाई. मला! ज्याला तुम्ही दर साली ओरडून सांगायचात.

ओरडून न्हाई. तुम्ही कधी ओरडला न्हाईत, उगं तुमच्यावर आळ घेतला.

मागच्या साली गणपती उठल्यावर मी आलो होतो. तुम्ही न्हाणीच्या मोरीपाशी वाकून वीट लावायलात, आंघोळीचं पाणी वेलाकडं जाऊ नये, मागं परसात जावं म्हणून. बुडाभोवती चर बी खणला होता, पावसाचं पाणी निघून जायला. मी म्हणलं, "दाजी, न्हाणीला वीट लावली, आभाळाला काय लावणार?"

तुम्ही म्हणलात, "आभाळ देईल ते देईल. आपण देऊ नये. वर्षभर राबलाय तो. आता त्याला निजू द्यायचं."

"अहो, मला एका लग्नात तीन-तीनदा वाढता, आन् ह्या बिचाऱ्याला उपाशी निजवता?"

तुम्ही वर बघितलं बी न्हाई. "तुला तीनदा वाढलं तिथंच चुकलं. माझ्या सासऱ्यानं तुला लाडानं पाणी घातलं, खत घातलं, कधी पाणी तोडून ताण दिला न्हाई. म्हणून तुझी काडी पिकली न्हाई सोपानराव. चाळिशी उलटली तरी हिरवाच हायस. नुसता पाला."

रेणुका पोट धरून हसली, अक्का हसली, मी सगळ्यांत जास्त हसलो. पण ते मला लागलं होतं दाजी. तुम्हाला दिसू दिलं न्हाई. मी उठलो, वेलाचे तणावे कानात अडकवले, पानाचा पदर घेतला आन् नवरीवानी ठुमकत अंगणात फिरलो. तुम्ही तवा कैची काढून मला बोलावून राहिला होतात. "सोपान, ये हिकडं. काडीला हात लाव. पिकलेली कोणती, कच्ची कोणती, कुठं कापायचं, बघून ठेव. माझ्यामागं कुणाला तरी यायला पाहिजे." मी ठुमकत ठुमकत आलो आन् म्हणलं, "तुमच्यामागं कोण येणार दाजी, तुमच्यामागं तर अक्का लागलीय." पुन्हा सगळे हसले. तुम्ही कैची खिशात घातली. रागावला न्हाईत. नुसतं थांबलात.

त्या जागी मी मनानं किती वेळा जाऊन आलोय ह्या दिवसांत. तुम्ही रागावला असतात तर मला आज काही तरी धरायला असतं.

आन् तुम्ही माझ्यासाठी काय केलं न्हाई! टमटम उलटली तवा मी नांदेडच्या दवाखान्यात पडलो होतो, दोन्ही हात बांधलेले. तुम्ही एवढ्या लांब एस्टीनं डबा घेऊन आलात. मांडवावरची द्राक्षं, धुतलेली, देठ काढलेली. एकेक करून माझ्या तोंडात घातलीत. मी म्हणलं, दाजी, माझी बायको बी एवढं करत न्हाई. तुम्ही म्हणलात, "तिला तुझ्या तोंडाजवळ हात न्यायची भीती वाटते, बोलायला लागशील म्हणून." शेजारच्या खाटंवरचा माणूस हसून हसून खोकायला लागला. मला वाटायचं थट्टा मला येते. खरी तर तुम्हाला येत होती. तुम्ही ती कमी वापरायचात. तवा बी मी तुम्हाला उपकार झाले म्हणलं न्हाई. द्राक्षांना बिया कशा न्हाईत ह्याच्यावर काही तरी बोललो.

आता पुढचं ऐका, ह्याच्यात मी अजून खाली गेलो.

अक्काला मी सरळ सांगायला गेलो. ती भाकरी थापत होती. म्हणलं, "अक्का, वेलाला पाणी बंद कर."

तिनं हात थांबवला. "काय म्हणलास?"

"पाणी बंद कर. यूरिया बी नको. हे त्याच्या निजायचे दिवस हायत. दाजी दर साली..."

"तूच म्हणलास ना तिथं ओता म्हणून?"

"मी थट्टेनं म्हणलं होतं."

"थट्टेनं." तिनं पीठ झटकलं. "त्यांच्या पाण्याची थट्टा केलीस, आन् आता पाणी तोड म्हणून थट्टा करायलास. माणूस जाऊन महिना झाला न्हाई सोपाना. शरम न्हाई का रे तुला?"

"अक्का, तुझी शप्पथ, खरं सांगायलोय."

"तुझी शप्पथ कोण धरतं?"

बरोबर हाय तिचं. तिच्याच लग्नात मी नवरदेवाचं घोडं पळालं म्हणून ओरडत मांडवात आलो होतो. तुम्ही घोड्यावर बसलेलेच होतात, पण अक्काला चक्कर आली होती. ज्या माणसानं आयुष्यभर खोटंच सांगून हसवलं त्याचं खरं कोण ऐकंल? पोराच्या तापाचं सांगितलं तरी बायको आधी हसते, मग हात लावून बघते.

मग मी काय करावं? शहाण्या माणसानं बसून समजावलं असतं. मी दुपारी सगळी जरा लवंडली तवा गुपचूप न्हाणीच्या मोरीला वीट लावली, तुम्ही लावायचात तशी. तशी म्हणजे मला वाटलं तशी. तुम्ही आधी परसाकडची वाट मोकळी करायचात, ते मी कधी बघितलंच न्हाई. संध्याकाळी चुलती हातपाय धुवायला गेली, पाणी तुंबून उंबऱ्याबाहेर आलं, आन् म्हातारी शेवाळावरून घसरून सरळ बसली. हाड मोडलं न्हाई, देवाची कृपा. पण तिनं बसल्या बसल्या जे माझ्या सात पिढ्यांना धुतलं ते न्हाणीच्या पाण्यापेक्षा जास्त होतं. सगळ्यांना वाटलं सोपाननं मुद्दाम गंमत केली. सुतकातून उठलेल्या घरात! अक्कानं माझ्याकडं बघितलं बी न्हाई. तिनं स्वतः वीट काढली आन् सगळं तुंबलेलं पाणी भळभळ वेलाच्या बुडात गेलं.

दुसऱ्या दिवशी मला तुमची राख आठवली. तुमची म्हणजे... तोंडाला लगाम न्हाई माझ्या. श्रावणात तुम्ही कुठून तरी चुलीतली राख आणून आळ्यात घालायचात ना, काडी पिकायला, ती राख. यूरियानं वेल नुसता वाढतो आन् राखंनं काडीला कस येतो, असं तुम्ही म्हणायचात, तेवढं एक डोक्यात राहिलं होतं. ह्या श्रावणात तुम्ही घातली होती का न्हाई कुणास ठाऊक, पण म्हणलं थोडी घालून बघावी. अक्काकडं गॅस. म्हणून मी घमेलं घेऊन गल्लीत निघालो, ज्याच्या दारात पाण्याची चूल दिसंल तिथं, "मावशी, जरा राख द्या." आता सांगा, महिन्याच्या आत माणूस गेलेल्या घरचा पाव्हणा दारात येऊन राख मागतो! एकीनं दार लावून घेतलं. एकीनं विचारलं, "कशाची, बाबा?" मी खरं सांगितलं तर ती म्हणली, "हे तुमचं लोह्याकडचं असंल." अर्धं घमेलं मिळालं. आळ्यात घातली. वरचे नवे शेंडे बी खुडले, हात पोचतील तेवढे. खुडलेले शेंडे घमेल्यात बघितले आन् अक्का जी ओरडली, दाजी, तिचा असा आवाज मी कधी ऐकला न्हाई.

"त्याला हात लावू नको! हात लावू नको म्हणते ना!"

मी शिडीवरून उतरलो. थट्टा केली न्हाई, बघा. मी म्हणलं, "अक्का, तो असाच जागा राहिला तर फळ धरणार न्हाई. सगळा जोर पाल्यात जायलाय. दाजींनी जपलेला वेल हाय, माझ्या एका फालतू बोलण्यानं तो नासायला नको. तू मला मार, पण पाणी तोड."

ती खाली बसली. मग म्हणली, "मला मालूम हाय."

"काय मालूम हाय?"

"पाणी तोडायचं असतं ते. अरे, ह्या घरात माझी सगळी जिंदगी गेली. दर साली वीट कुणी आणून दिली त्यांना? मीच. यूरिया कधी घालायचा आन् कधी न्हाई हे मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं."

"मग का घालायलीस?"

आन् दाजी, ती जे बोलली ते मी तुम्हाला सांगायलाच पाहिजे, कारण ती तुम्हाला सांगणार न्हाई. ती म्हणली, "निजवला तर त्याला उठवायचं कोणी? पानं गळतील, नुसत्या काड्या राहतील. दसरा झाला की छाटावं लागतं, बूड उकरावं लागतं, शेणखत घालावं लागतं, मग तो डोळे उघडतो. ते करणारा माणूस गेला. रेणुकाला सुट्टी न्हाई. माझे गुडघे शिडीवर चढत न्हाईत. त्या दिवशी बी दुपारी जेवून निजले ना ते. म्हणले, जरा पडतो. मी भांडी घासत बसले, उठवायला गेलेच न्हाई. आता हे बी निजवू?"

मी म्हणलं, "मी येतो की छाटायला."

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं न्हाई. तुम्ही कैची खिशात घातलीत ना, तसं.

"तू कधी म्हणल्या दिवशी आलास सोपाना?"

मला ठसका लागला, रेणुका. लिही.

एक बी दिवस आठवला न्हाई दाजी. राखी पौर्णिमेला दुसऱ्या दिवशी. दिवाळीला पाडवा उलटून. रेणुकाच्या बारशाला ती रांगायला लागल्यावर. दर वेळी दारातून काही तरी बोलून सगळ्यांना हसवायचं, म्हणजे उशीर कुणी मोजायचं न्हाई. मला वाटायचं ती विसरते. ती हसायची पण विसरायची न्हाई. खांद्याला उशीर झाला तो दिवस बी तिला ठाऊक हाय, म्हातारीचं कारण तिनं मला विचारलं सुद्धा न्हाई.

शब्द देऊन काही होणार नव्हतं. माझ्या शब्दाला ह्या घरात कुणी उभं करत न्हाई. मग मी एकच केलं. बायकोला फोन लावला, म्हणलं मी दसऱ्यानंतरच येतो. ती आधी हसली. मग म्हणली, खरंच का? आता मी टमटम इथं जळकोटच्या स्टँडवर लावतो. इथले टमटमवाले लई खवळले, बाहेरचा आला म्हणून. पहिल्या दिवशी मला नंबरात सगळ्यांत मागं लावलं. बरोबरच हाय, मी बी लोह्यात तेच केलं असतं. सकाळी-सांजच्याला दोन फेऱ्या मारतो आन् जेवायला वेळेवर घरी. अक्का पाट मांडायच्या आधी मी दारात. आन् परवा तिनं परसाकडची वाट फावड्यानं मोकळी केली. स्वतः. तांब्यातलं पाणी आता पिंपळाला घालते, लांब पडतं तरी चालत जाते. यूरियाची पिशवी शेजारणीला दिली.

माझ्यापुढं एक भानगड राहिलीच हाय. छाटायचं कुठं, ते मी बघितलंच न्हाई ना. तुम्ही दाखवायलात तवा मी नवरी झालो होतो. म्हणून काल एका द्राक्षवाल्याच्या बागेत जाऊन आलो. त्याला म्हणलं, मला काहीच येत न्हाई, पहिल्यापासून सांगा. त्यानं काडी वाकवून दाखवली, पिकलेली कशी कडक लागते, कच्ची कशी लिबलिबीत. मधे त्यानं विचारलं, "तुम्हाला बरं न्हाई का? गप्पच हाव." म्हणलं, ऐकायलोय.

तिथून आलो आन् आपला वेल बघितला. अर्ध्याच्या वर काड्या अजून कच्च्या हायत दाजी. ह्या साली फळ थोडंच येईल. कदाचित येणारच न्हाई. ते माझ्या खात्यावर. तुम्ही असतात तर काडीला हात लावून एका क्षणात सांगितलं असतं, आन् मग माझ्याकडं बघून काही तरी असं बोलला असतात की मी आठवडाभर हसत हसत जळलो असतो. बोला ना. माझी तयारी हाय.

आज सकाळी आंघोळ करून बाहेर आलो तर अक्का अंगणात उभी. पहिलं पान गळलं होतं. पिवळं, कडंला तांबूस. तिनं ते उचललं न्हाई. मग माझ्याकडं न बघता म्हणली, "उठंल ना रे?"

 

मी म्हणलं, "उठंल अक्का."

मी आजवर लई खोटं बोललो, पण त्याचं खोटंपण मला आधीच मालूम असायचं. हे एक असं बोललोय की खरं का खोटं ते मला बी मालूम न्हाई. छाटणी झाली की कळंल. तवर मी इथंच हाय. न्हाई उठला तर तिच्यासमोर उभा राहायला बी मीच हाय.